हलकं मशीन

भाचीनं परवा फोन केला. दोन स्वस्तातले लॅपटॉप बघून ठेवलेत म्हणाली. एक हलका, प्रवासाला सोयीचा. दुसरा थोराड, पण पडदा मोठा, रोजच्या कामाला बरा. "कुठला घेऊ मामा? आई म्हणाली मामालाच विचार, त्याला मशीनमधलं कळतं."

बघून सांगतो म्हणालो आणि फोन ठेवला. अजून सांगितलेलं नाही. तिच्या आईनं हे वाक्य पहिल्यांदा म्हटलं तेव्हा नव्वदीचं दशक होतं, आम्ही नेवाशाला राहायचो, आणि ती ते मनापासून म्हणाली होती. आता ती ते कसं म्हणते, मला ठाऊक नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. टायपिंगच्या परीक्षा पास होऊन तहसील कचेरीबाहेर एका अर्ज लिहिणाऱ्याच्या मशीनवर लोकांचे अर्ज टाइप करायची. त्या वर्षी तिला कारकुनाच्या जागेसाठी टायपिंगच्या चाचणीचं पत्र आलं. चाचणी नगरला. वयाच्या अटीत बसायची तिची ती शेवटची खेप होती, पुढच्या वर्षी दार बंद. पत्राच्या तळाला एक ओळ होती : उमेदवाराने स्वतःचे टंकलेखन यंत्र सोबत आणावे. तेव्हा रीतच तशी होती. चाचणीच्या दिवशी नगरच्या स्टँडवर पोरंपोरी डोक्याखांद्यावर मशीनं घेऊन एसटीतून उतरायची.

आमच्याकडं मशीन कुठलं असणार? अर्ज लिहिणारा त्याचं पोटापाण्याचं मशीन नगरला न्यायला देणार नव्हता. वडील शाळेत शिपाई. एक जुनं घ्यायचं आणि चाचणी झाल्यावर ते आम्ही दोघांनी वापरायचं, असं ठरलं. मी तेव्हा नगरच्या एका दैनिकाला तालुक्यातल्या बातम्या पाठवायचो. कुठं बिबट्या दिसला, कुठं सप्ताह बसला, एवढ्याच बातम्या. रुबाब मात्र संपादकाचा.

मी निघालो तेव्हा ताई म्हणाली, "तूच बघून आण, तुला मशीनमधलं कळतं. फकस्त कागद आडवा जातोय का तेवढं बघ. चाचणीत तक्ता असतोय, त्यो आडव्या कागदावर मारावा लागतोय."

नगरच्या बाजारात जुनी मशीनं दुरुस्त करून विकणाऱ्याकडं आमच्या ऐपतीतली दोनच निघाली. एक हिरवं, अवजड, डाव्या अंगाला पोचा आलेलं. मी त्यात फुलस्केप कागद आडवा घातला. सुरकन गेला, आणि कागद धरून सरकणारी वरची कॅरेज या टोकापासून त्या टोकापर्यंत लोण्यासारखी सरकली. दुसरं लहान, निळ्या पेटीतलं, पेटीला मूठ. त्यात कागद उभाच जायचा, आडवा धरला की दोन बोटं बाहेर राहायचा. मी पेटी मुठीनं उचलून दुकानाच्या आरशात स्वतःकडं बघितलं. आजही लाज वाटते, पण बघितलं.

"काम काय करायचंय?" दुकानदारानं विचारलं.

"फिरतीचं," मी म्हणालो.

"मंग हेच न्या."

त्याची काही चूक नव्हती. त्यानं काम विचारलं, मी माझं सांगितलं.

घरी ताईनं पहिल्यांदा कागद आडवा धरून बघितला. मी म्हणालो, "दुसरं होतं एक, पण त्याची कॅरेज मधीच अडकतीय." खोटं खरं वाटावं म्हणून मी तिला त्या मशीनचा हिरवा रंग सांगितला, डाव्या अंगाचा पोचासुद्धा सांगितला. ती म्हणाली, "आसू दे मग. बारीक रकाने पाडून उभ्या कागदावर बसवीन." आणि खरंच रोज संध्याकाळी ती उभ्या कागदावर रकाने बसवत राहिली. मी शेजारी बसून तिला कागद देत होतो. खरं सांगून मशीन बदलून आणायला पुरते आठ दिवस होते.

चाचणी एका शाळेत होती. आम्ही बरोबर आलेले लोक व्हरांड्यात खिडक्यांशी उभे. उतारा ताईनं झरझर संपवला. मग तक्ता आला, तो अकरा रकान्यांचा. तिनं उभ्या कागदावर मांडला, शेवटचे तीन रकाने बसेनात. कागद काढला, नवा घेतला, आणि जाणार नाही हे माहीत असून आडवा धरून बघितला. मग तिची नजर शेजारच्या मुलीच्या मशीनवर गेली. हिरवं मशीन. डाव्या अंगाला पोचा. कॅरेज या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होती, कुठंही अडकत नव्हती.

ताईनं खिडकीकडं बघितलं. मी चपलेचा अंगठा नीट करायला खाली वाकलो. तो तुटलेला नव्हता.

परतीच्या एसटीत तिनं पेटी मांडीवर घेतली. ती काहीतरी बोलेल, निदान एक शिवी तरी देईल, म्हणून मी वाट बघत होतो. इमामपूरचा घाट उतरला तरी ती बोलली नाही. शेवटी मीच म्हणालो, "दे ताई, मी धरतो."

"राहू दे," ती म्हणाली. "हलकंच हाय."

वडील, म्हणजे आमचे दादा, ओट्यावर बसले होते. त्यांनी विचारायच्या आत तीच म्हणाली, "न्हाई जमलं दादा. माझाच हात हळू पडला."

वडिलांनी पेटीकडं बघितलं. मग त्यांनी मला विचारलं, "मशीन तर नीट चाललं ना?"

ताई तिथंच उभी होती, पेटी हातात धरून.

"चाललं," मी म्हणालो.

तिनं पेटी माझ्या हातात दिली आणि ती पाणी प्यायला आत गेली.