ताईनं सोडलेल्या जागा

जुन्या ऑफिसच्या फायली नव्या स्वरूपात नेणारे प्रोग्रॅम लिहिणं हे माझं पोटापाण्याचं काम. चिखलीच्या घरात वरच्या खोलीत बसून मी ते करते. दिवसाच्या कामांची यादी सकाळी चहाआधी तयार असते आणि सहसा संध्याकाळपर्यंत संपते. ताईच्या पुस्तिकेचं काम मात्र आजच्या यादीतून उद्याच्या यादीत जात राहिलं.

ताई माझी थोरली बहीण. बसस्टँडजवळ तिचं टायपिंगचं दुकान होतं. अर्ज, लग्नपत्रिका, शाळांचे निकाल, आणि साखरखेर्ड्याच्या विहारातल्या महिला गायन मंडळाची गाण्यांची पुस्तिका. ताई गेली. पुस्तिकेच्या छापील प्रतीही हाताळून फाटल्या. उरली ती दुकानातल्या कम्प्युटरवरची तिची फाइल. मग मंडळातल्या मुख्य गाणाऱ्या मावशींचा निरोप आला की पौर्णिमेच्या आत नवी पुस्तिका हवी, आणि ती मोबाइलवरही दिसली पाहिजे. मला ती द्यायचीच होती. फक्त ती ताईची राहायला हवी होती.

लोकांना वाटतं, फाइल म्हणजे कागद. उघडला की वाचला. आत तसं काही नसतं. जुन्या फाइलीत मजकूर एकीकडे, मांडणी दुसरीकडे, आणि कुठला तुकडा कुठं जोडायचा याचा नकाशा तिसरीकडे. त्यात ताईचा फॉन्ट जुना. पडद्यावर मराठी दिसायची, पण साठवलेली असायची इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट काढला की नुसता केर. नव्या स्वरूपातली एक फाइल म्हणजे बारक्या फायलींचं गाठोडं. तिथं साधी एक ओळही कधी चार तुकड्यांत सापडते.

मी नेहमीचे नियम लावले. अक्षरं बदलली, वेलांट्या जागेवर आणल्या, लागोपाठच्या रिकाम्या जागांची एक जागा केली. टायपिंगवाले दिसेल तिथं स्पेसबार दाबतात, म्हणून हा नियम प्रोग्रॅममध्ये आधीपासूनच होता. प्रिंट काढली आणि साखरखेर्ड्याला गेले.

सरावात पहिल्याच गाण्याला अर्ध्या बायका पुढं आणि अर्ध्या मागं. पुन्हा धरलं, पुन्हा तेच. ढोलकीवालीनं हात थांबवला.

"काऊन वं, तुह्या कम्प्युटरले यष्टी पकडाची हाये का?"

सगळ्या पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले. परतीच्या जीपमध्ये मला ताईचं दुकान आठवलं. ही गाणी तिनं कागदावरून टाइप केलीच नव्हती. बाजाराच्या दिवशी बायका दुकानाच्या बाकड्यावर बसून गायच्या आणि ती ऐकत टाइप करायची. त्या श्वास घेत, तिथं तिचा अंगठा स्पेसबारवर पडायचा. साधा श्वास असेल तर थोडी जागा, कोरस उचलणार असेल तर जास्त. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला सगळं येत होतं. एवढ्या जागा कशाला, सरळ ओळ तोड, असं मी तिला सांगितलं होतं. तिनं मान वर न करता उत्तर दिलं होतं,

"ओळ तोडली का गानं तुटते वं. जागा सोडली का गानं थांबते."

दुसऱ्या दिवशी मी रिकाम्या जागा एक करणारा तो नियम काढून टाकला. तेवढ्यानं भागलं नाही. नव्या स्वरूपात तुकड्याच्या कडेची रिकामी जागा आपोआप गिळली जाते. ती जपायची असेल तर प्रत्येक तुकड्याला तसं वेगळं सांगावं लागतं. तेही सांगितलं. मग खरी अडचण दिसली. ताई शीर्षक मधोमध आणायलाही स्पेसबारच वापरायची, आणि पानाचा आकडा उजवीकडे ढकलायलाही. प्रोग्रॅमला या जागा आणि श्वासाच्या जागा सारख्याच. श्वासाची जागा कोणती, हे कानानंच ठरवायला लागणार होतं.

म्हणून मी एकेक ओळ गुणगुणत बसले. माझा आवाज सुरात राहत नाही, तिचा राहायचा. ती कशी थांबली असती, हे आठवायला डोळे मिटावे लागत. तिच्या आवाजाचं एकही रेकॉर्डिंग आमच्याकडे नाही. कोणाला सुचलंच नाही. पण तिचं ऐकणं या फाइलीत होतं, ओळीओळीत, कुठं थोडं आणि कुठं जास्त. काम लवकर उरकणारी बाई मी. हे उरकू नये असं वाटत होतं. झालेली पानंही मी पुन्हा उघडत होते.

एका गाण्यात मात्र मधल्याच ओळीत लांबलचक जागा निघाली. तिथं श्वास बसत नव्हता, कोरसही नव्हता. कोणी झेरॉक्सला आलं असेल. चहा आला असेल. किंवा ती नुसतीच ऐकत बसली असेल आणि अंगठा तसाच राहिला असेल. मी मावशींना फोन करून विचारलं, ही जागा काढून टाकू का. त्यांनी ती ओळ फोनवर म्हणून पाहिली.

"राहू दे पोरी," त्या म्हणाल्या. "ते थांबली असंन त आपुनबी थांबू."

पुस्तिका पौर्णिमेआधी गेली. आता त्या ओळीत मंडळ थांबतं. किती थांबायचं ते ठरलेलं नाही. ढोलकीवाली मावशींकडे बघते आणि मावशी खाली बघतात. मी मागच्या रांगेत बसलेली असते. मग कोणीतरी पुढचा शब्द उचलतं.