मुकादमाच्या टोळीतला माणूस

काउंटरवर कोपर टेकवायचं, नजर रस्त्यावर ठेवायची आणि म्हणायचं, "माझ्यासाठी न्हाई बरं का, टोळीतल्या माणसाला पायजे." मुकादमांचं औषध मागणं हे असं.

चकलांब्याकडची ऊसतोड टोळी ते घेऊन जात. कुणाची जांघेतली खाज, कुणाची लघवीची जळजळ, सगळं बीडच्या माझ्या मेडिकलात त्यांच्याच तोंडून यायचं. गडी स्वतः यायला लाजत. असा दुसऱ्यांची लाज वाहणारा एखादा तुम्हीही पाहिला असेल.

एका दुपारी त्यांनी आवाज खाली आणला. "एकाला बायकोसंगं जमंना झालंय. ती ताकदीची गोळी द्या."

चिठ्ठी नव्हती. तरी ओळखीखातर मी दिली. चूक माझीच.

तासाभरानं त्यांची बायको आली. वहिनी बाजार उरकून एसटीनं निघाल्या होत्या. मुकादम फटफटीवर पुढे गेले होते. वहिनींनी नवऱ्याच्या नावाची चिठ्ठी पुढे केली. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची गोळी. "वरीस झालं घेतेत. तुमाला ठाव न्हाई?"

मी लगेच मुकादमांना फोन लावला. या दोन गोळ्या एकत्र घेतल्या तर रक्तदाब एकदम कोसळतो, माणूस दगावू शकतो.

तीन वेळा फोन नुसताच वाजला. चौथ्यांदा उचलला.

"त्या माणसानं गोळी खाल्ली का?"

"कावून?"

"तो छातीची गोळी घेत असेल तर जिवावर बेतेल."

फटफटी बंद केल्याचा आवाज आला.

"न्हाई खाल्ली," ते म्हणाले. "फेकून देतो."

"द्या. आणि उद्या त्याला डॉक्टरकडे आणा. शुगरनं, हृदयाच्या दुखण्यानंही असं होतं. उपाय असतो."

दुसऱ्या दिवशी ते एकटेच आले. मी काही विचारलं नाही, शेजारच्या दवाखान्यात नेऊन बसवलं. शुगर निघाली. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी वहिनींनाही बोलावलं. त्या आत असताना मुकादम मला म्हणाले, "भाऊ, मरणाचं काय न्हाई. पर ती गोळी खाऊन अंथरुणात मेलो असतो तर गावानं हिला जगू दिलं नसतं."

गेल्या साली ते गेलेच. भर दुपारी, उसाच्या फडात, सगळ्यांसमोर.

मी भेटायला गेलो. "आधी कव्हा बोलायचे न्हाईत," वहिनी म्हणाल्या. "ह्या दोन वर्सांत लई बोलले माझ्यासंगं." गावातल्या बाया त्यांना चिकटून बसल्या होत्या, आणि एक म्हातारी त्यांच्या ओठाला पाण्याचा तांब्या लावत होती.