उशीमामाची पाटी

माझ्या मामाला अख्ख्या कोटो लिंताह गावात उशीमामा म्हणतात, आणि ते नाव मीच पाडलं. सहा वर्षांची होते मी. राजवाड्याच्या छपराला आग लागली तेव्हा गावातले पुरुष जिवावर उदार होऊन आत घुसले. कुणी सोन्याचा पट्टा आणला, कुणी कट्यार, गावचे मानकरी दातुक राजो लेलोंनी तर मुकुटच. सगळ्यांच्या शेवटी माझा मामा बाहेर आला. भुवया जळालेल्या, तोंड काळंठिक्कर, आणि छातीशी काय? तर उशी! मी टाळ्या पिटत ओरडले, "मामाने उशी आणली!" रडणारी माणसंसुद्धा हसली. झालं, चिकटलं ते चिकटलं.

आमच्याकडे लग्नात पुरुषाला मानाचं नाव मिळतं. मामाचं आहे सुतान पामेनान, पण ते मामीलासुद्धा आठवून सांगावं लागतं. "काय उशीमामा, झोप झाली का?" हे मी जन्मभर ऐकलं. लहानपणी मीही हसायचे. मोठी झाले तशी कानकोंडी व्हायला लागले.

एकोणीस वर्षांनी राजवाडा पुन्हा उभा राहिला. तशीच शिंगांसारखी छपरं, तसंच कोरीव काम. आगीतून वाचलेल्या वस्तू काचेच्या पेट्यांत मांडल्या आणि त्यांच्या पाट्या लिहायचं काम मला मिळालं. प्रत्येक पाटीवर वस्तू वाचवणाऱ्याचं नाव. उशीच्या पाटीपाशी मी आले तेव्हा राजवाडा समितीचे प्रमुख दातुक राजो लेलो म्हणाले, "उशीमामा लिही. सुतान पामेनान कोण, ते कुणाला कळणार?"

माझं डोकंच फिरलं. "मग मुकुटाखाली 'घोरे दातुक' लिहू? गावाने ठेवलेलं तेही नाव सगळ्यांना कळतं!"

दातुक लाल झाले, पण माणूस वाईट नाही. म्हणाले, "नेली, तुझ्या मामालाच आण. तो म्हणेल ते लिहू. पण उद्याच. परवा उद्घाटन आहे."

आता आली का पंचाईत! आगीनंतर मामा त्या वाड्याची पायरी चढला नव्हता.

संध्याकाळी गेले तर मामा करवंटीतून कॉफीच्या पानांचा काढा पीत बसला होता.

"माझं काय काम तिथे? झोप आली तर घरची उशी आहे."

"मामा, थट्टा पुरे. ती पाटी कायमची राहणार. शाळेतली पोरं रांगेने येतील आणि तुझ्या नावावर खिदळतील. मला नाही सोसवणार."

"तुला एवढं का लागतं गं?"

"कारण ते पाप माझं आहे!"

मामाने करवंटी खाली ठेवली. मग मामीला म्हणाला, "माझा सदरा इस्त्री कर."

सकाळी काळी टोपी घालून आला. पायऱ्यांपाशी जरा थबकला, नव्या खांबावर हात ठेवला आणि चढला. मुकुटाजवळून जाताना म्हणाला, "बरा घासलाय." पट्टा, कट्यार, कशापाशी थांबला नाही. थेट आतल्या दालनात, मंचामागच्या पडद्यापाशी गेला. तिथे पेटीत ती लांबट लाल उशी होती. जरीकाम अजून चमकत होतं, एक टोक जळालेलं.

"बोला सुतान," दातुक म्हणाले. "आणि इतकं सोनं सोडून उशीच का उचललीत, तेही आज सांगून टाका."

मामाने टोपी सारखी केली. "नेलीची आई इथे झाडायची. पोरांना आत आणायला बंदी होती. ती हिला दुपारची गुपचूप इथे, पडद्यामागे झोपवायची. त्या दिवशी बहीण तळ्यावर गेलेली, पोर आत आहे का, विचारणार कुणाला? धुरात डोळे उघडेनात. पांघरुणाखाली हाताला मऊ लागलं, उचललं आणि पळालो. पायऱ्यांपर्यंत मी त्या उशीला थोपटत होतो. रडू नको, आलो बघ, म्हणत होतो."

त्या दुपारी मी झोपायला गेलेच नव्हते; वाड्याबाहेर पेरूच्या झाडावर होते, आग दिसली तशी खाली उतरले होते. मला तिथेच हुंदका फुटला.

"एकोणीस वर्षं बोलला का नाहीस मामा?"

"तुझ्या आईची नोकरी गेली असती. आता घरी बसून पेन्शन खातेय, आता काय करतील?"

मी डोळे पुसले, पेन काढलं. "सुतान पामेनान लिहिते. मोठ्या अक्षरांत."

मामाने माझा हात धरला. "उशीमामाच लिही."

"का? अजून हसून घ्यायचंय का तुला?"

"ऐक तर. बाहेर येऊन बघतो तो हातात उशी. मी परत आत जायला वळलो होतो. छप्पर खाली येत होतं, तरी गेलोच असतो. तेवढ्यात बाजूने कुणीतरी ओरडलं, 'मामाने उशी आणली!'" त्याने टोपी काढून हातात घेतली. "तुझा आवाज होता तो, पोरी. तेव्हापासून कुणीही उशीमामा म्हटलं की मला तोच ऐकू येतो."

दातुक खिशात रुमाल शोधत होते. मी पाटी गुडघ्यावर घेतली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'उशीमामा'.