आमदारकी गेली तेव्हा खुर्चीत आई होती

निवडणुकीचा निकाल लागला त्याच्या तिसऱ्या दिवशी आप्पांनी सकाळी साडेसातलाच आंघोळ उरकली, साधी शर्ट-पँट घातली आणि चहाचा कप हातात घेऊन जाहीर केलं, "चला, मी जातो कारखान्यात." आप्पा म्हणजे माझे वडील. पाच वर्षं आमदार होते आणि नुकतेच पडले होते. थोडक्यात बिडक्यात नव्हे, चांगले सपाटून पडले होते. तीन दिवस घरात कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं, त्यामुळे माणूस उठून कामाला निघालाय म्हटल्यावर खरं तर सगळ्यांना हायसं वाटायला हवं होतं. मी मात्र आधी आईकडं बघितलं. कारखान्याच्या केबिनमध्ये मालकाची खुर्ची एकच होती, आणि तिच्यात पाच वर्षं आई बसत होती.

आई चपात्या करत होती. तिनं फक्त गॅस बारीक केला.

उद्यमनगरात आमची लोखंडाच्या ओतकामाची फौंड्री आहे. वाळूचे साचे करायचे, भट्टीत लोखंड वितळवायचं, तो रस साच्यात ओतायचा आणि निवला की साचा फोडून आतला भाग बाहेर काढायचा, असं ते काम. पंपांचे भाग, यंत्रमागांच्या बाजूच्या जड फ्रेमा, असलं बरंच काही तिथं तयार होतं. आप्पांना तिकीट मिळालं तेही कारखानदार म्हणूनच. चार लोकांना काम देणारा माणूस आहे, बोलायला गोड आहे, कुणाशी भांडण नाही, एवढं त्या वर्षी पक्षाला पुरेसं वाटलं. निवडून आले तेव्हा गुलालानं माखलेल्या कपाळानंच ते आईला म्हणाले होते, "दोन महिने जरा कारखान्याकडं बघ. तोवर मी एखादा मॅनेजर शोधतो."

मॅनेजर शोधायचा राहूनच गेला.

आई कुरुंदवाडच्या मास्तरांची मुलगी. तोवर ती कारखान्यात फक्त दसऱ्याला यायची, ताट घेऊन, यंत्रांना हळदीकुंकू लावायला. पहिल्या महिन्यात कामगार तिच्या माघारी हसायचे, हे आमच्या हेडमिस्त्रींनीच मला पुढं सांगितलं. हे मिस्त्री गडमुडशिंगीहून रोज मोटारसायकलवर येणारे, आजोबांच्या वेळेपासूनचे. तिसऱ्या वर्षी तेच मिस्त्री सगळ्यांना सांगत सुटले होते, "वैनींचा कान लय तिखट हाय." लोखंडाचा भाग साच्यातून निघाला की त्यावर हातोडीनं टकटक करायचं. भाग धड असेल तर आवाज घुमतो, कुठं चीर असेल तर बद्द येतो. आईला तो फरक केबिनच्या दारातून कळायचा. मी कॉलेजात शिकवते, मला अजून शेजारी उभी राहूनही कळत नाही.

आणि आप्पा? आप्पांनी या पाच वर्षांत एक वाक्य पाठ केलं होतं, "झालं समजा." सकाळी सातपासून आमच्या हॉलमध्ये माणसं. कुणाची बदली, कुणाच्या पोरीची अॅडमिशन, कुणाच्या गल्लीतलं गटार. आप्पा प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "झालं समजा." मी त्यांना चिडवायची, की आप्पा, तुम्हाला कुणी म्हटलं रंकाळ्याचं पाणी गोड करून द्या, तरी तुम्ही हेच म्हणाल. ते हसायचे. खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. समोरच्याचं तोंड उतरलेलं त्यांना बघवत नसे, इतकंच. दवाखान्यात कुणाला रक्त हवं असेल तर हा माणूस जेवणावरून उठून जायचा. बरीच कामं त्यांनी खरोखर केली. पण जी झाली नाहीत ती जास्त होती, आणि मतं द्यायच्या वेळी लोकांना तीच आठवली. मला तेव्हा लोकांचा राग आला होता. आता तितकासा येत नाही.

तर त्या दिवशी आई नेहमीसारखी आठलाच गेली. आप्पा मागून साडेआठला पोचले. मी सोबत होते, कारण मला राहवलं नाही. केबिनमध्ये आई खुर्चीत बसलेली. ती उठली नाही. तिनं बाहेरून एक प्लास्टिकची खुर्ची मागवून ठेवली होती, ती टेबलाच्या अलीकडं होती, गिऱ्हाइकं बसतात त्या बाजूला. "बसा," ती म्हणाली. आप्पा बसले. थोड्या वेळानं मिस्त्री सहीचा कागद घेऊन आले आणि दोघांच्या मध्ये उभे राहिले. कागद कुणापुढं धरावा हे त्या बिचाऱ्यांना कळेना. आप्पांनी खिशातून पेन काढलं, मग परत ठेवलं. आईनं सही केली.

त्या संध्याकाळी ती मला स्वयंपाकघरात म्हणाली, "मी खुर्ची सोडणार नाही. सांगून ठेवते. कुणाला वाईट वाटलं तर वाटू दे." मी म्हटलं, बरोबर आहे तुझं. तर दोन मिनिटांनी कांदा चिरता चिरता मलाच विचारते, "त्यांना फार वाईट वाटलं असेल का गं?"

मला दोघांचाही कळवळा येत होता, आणि दोघांचाही राग येत होता. एक आमदारकी घालवून आलेला, त्याला आता दुसरी कुठली जागाच नव्हती. एक पाच वर्षं मरमर काम करून मालकीण झालेली, ती आता दसऱ्याच्या ताटाकडं परत कशी जाणार? आईनं उठायचं की आप्पांनी हॉलमध्ये पेपर वाचत बसायचं, एवढाच प्रश्न उरला होता, आणि तो कुणीच तोंडानं विचारत नव्हतं. महिनाभर आप्पा रोज त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून येत राहिले.

मग आईच्या भाचीचं लग्न आलं. ती दोन दिवस कुरुंदवाडला गेली. जाताना आप्पांना म्हणाली, "भट्टी ठरल्याप्रमाणे चालू दे. नवीन काही घेऊ नका." आप्पा म्हणाले, हो हो.

त्या दोन दिवसांत तीन गिऱ्हाइकांचे फोन आले. तिघांनाही माल घाईनं हवा होता. आप्पांनी तिघांनाही काय सांगितलं असेल ते मी लिहायला नको. त्यात एक होते इचलकरंजीचे, त्यांना मागाच्या फ्रेमा गुरुवारी सकाळी हव्या होत्या. बुधवारी संध्याकाळी रस ओतला. एवढ्या जड फ्रेमा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाळूतच राहू द्यायच्या असतात, सावकाश निवायला. आप्पांना हे काय माहीत नव्हतं? त्यांचा जन्म त्या वाळूत गेला होता. पण गुरुवारी सकाळी आठला ते साच्यांपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "फोडा."

मिस्त्री म्हणाले, "मालक, अजून चटका हाय. दुपारपतूर ऱ्हाऊ द्या की."

"अरे, शब्द दिलाय मी!"

पाच वर्षं त्यांनी शब्द दिले होते आणि पाळायचं काम दुसऱ्या कुणाकडं तरी गेलं होतं, कुठल्याशा खात्याकडं, कुठल्याशा टेबलाकडं. इथं शब्द देणारेही तेच आणि पाळणारेही तेच. साचे फोडले. गरम लोखंडाला एकदम वारं लागलं. दहा वाजेपर्यंत निम्म्या फ्रेमांना केसाएवढ्या चिरा गेल्या होत्या, आणि उरलेल्या वरून इतक्या कडक झाल्या की त्यांत ड्रिल शिरेना.

आई दुपारी थेट कारखान्यात आली, लग्नातल्या साडीवरच. केसात अजून गजरा होता. कुणीतरी फोन केला असणार. तिनं हातोडी घेतली आणि एकेका फ्रेमेवर टकटक करत शेवटपर्यंत गेली. निम्म्या घुमल्याच नाहीत. आप्पा भिंतीपाशी उभे होते. मला वाटलं, आता ती बोलणार, आणि बोलली तर चुकीचं काही नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "किती जणांना शब्द दिलाय?"

"तिघांना."

"भट्ट्या किती आहेत आपल्या?"

आप्पांनी समोरच्या एकुलत्या एका भट्टीकडं बघितलं. मग आई पदर खोचत म्हणाली, "इचलकरंजीला फोन मी करते."

"नको," आप्पा म्हणाले. "फोन नको. मीच जातो."

गाडी मी चालवली. हातकणंगल्यापर्यंत आम्ही उसाच्या ट्रॉलीमागं होतो. मध्ये चहाला थांबलो तर टपरीवाल्यानं "या साहेब!" म्हणून बाकडं पुसलं. आप्पांनी त्याला नमस्कार केला, पण नेहमीसारखी चौकशी केली नाही. मला त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवावासा वाटला. ठेवला नाही, आमच्याकडं ती पद्धत नाही.

मागांच्या शेडमध्ये इतका खडखडाट होता की मालक आम्हाला बाहेर अंगणात घेऊन आले. आप्पांच्याच वयाचे, अंगावर सुताचे धागे चिकटलेले. "माल कुठाय?" त्यांनी गाडीच्या मागं बघत विचारलं.

"माल आणला न्हाय," आप्पा म्हणाले. "गरम असतानाच साचे फोडले. सगळा वाया गेला. मिस्त्री नको म्हणत हुता, मीच फोडायला लावलं. चूक माझी हाय."

ते गृहस्थ त्यांच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "आमदारसाहेब, मागं आमी मागवाले वीजबिलाचं निवेदन घिऊन आलतो तुमच्याकडं. 'झालं समजा' म्हणलासा. आठवतंय काय?"

"आठवतंय."

"झालं न्हाय ते."

"व्हय. न्हाय झालं."

मी खाली बघत उभी होते. पाच वर्षांत मी आप्पांना 'नाही झालं' म्हणताना ऐकलं नव्हतं. त्या गृहस्थांनी अंगावरचा एक धागा काढून फेकला आणि जरा मऊ आवाजात विचारलं, "बरं, हे तरी खरं बोललासा. आता माल कवा मिळंल?"

आप्पांचं तोंड उघडलं. काय बाहेर पडणार होतं ते मला दिसत होतं. पण त्यांनी ते मिटलं, आणि म्हणाले, "घरात विचारून सांगतो."

आमच्याकडं पुरुष असं म्हणतात ते बहुतेक वेळ मारून न्यायला. त्या गृहस्थांनाही ते माहीत असणार. पण आई कोण आहे हेही त्यांना माहीत होतं. ते मोठ्यानं हसले. "वैनी सांगणार आसतील तर मग येतोय माल," असं म्हणून त्यांनी आम्हाला आत बसवून चहा पाजला.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण व्हायची होती. आई स्वयंपाकघरात मेथी निवडत होती, गजरा काढून ओट्यावर ठेवलेला. आप्पा आत आले आणि खालीच, तिच्यासमोर, पाटावर बसले. झालं ते सगळं सांगितलं, वीजबिलासकट. मग म्हणाले, "तारीख तू कळव त्यांना. आणि ती खुर्ची तुझीच हाय. मी काय तिच्यासाठी येत नव्हतो. मला कायतरी काम दे."

आई मेथी निवडतच म्हणाली, "गिऱ्हाइकांशी बोलायला माणूस पाहिजेच आहे. तुम्ही बोलता चांगलं. फक्त तारीख सांगायची नाही."

"न्हाय सांगत."

मी दारात उभी होते, जावं की थांबावं कळत नव्हतं. आप्पा तिच्या हातांकडं बघत होते. त्या हातांवर भाजल्याचे दोन डाग होते, जुने. ते डाग मला माहीत होते. त्यांना ते आत्ता दिसले, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं, आणि मला रडू आलं.

"अगं," ते म्हणाले, "पाच वर्षं तू एकटीनं कसं केलंस हे सगळं?"

आईचे हात थांबले.

"आज विचारताय?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "रोज वाटायचं, आज विचाराल. म्हणून दिवसभरातलं एकेक ध्यानात ठेवायची. आलात की सांगायचं, म्हणून. मग तुमच्याबरोबर चार माणसं असायची. नाहीतर तुम्ही विधानसभेचं सांगायला लागायचात. मग म्हणायची, उद्या सांगू. उद्या उद्याचं वेगळंच काहीतरी घडलेलं असायचं."

आप्पांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि बराच वेळ पुसत राहिले.

"आता सांग," ते म्हणाले.

"आता कुठलं आठवायला सगळं?"

"आठवंल तेवढं सांग. मला आता कुठं जायचंय?"

आईनं एकदा माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. "पहिल्या दिवशी भट्टी पेटलीच नाही," तिनं सुरुवात केली. "सगळे माझ्या तोंडाकडं बघत उभे..."

मी उरलेली मेथी उचलून बाहेर आले आणि पायरीवर निवडत बसले. आतून आईचा आवाज येत राहिला, कधी हसत, कधी अडखळत. आणि मधूनमधून आप्पांचा एकच शब्द ऐकू यायचा, "मग?"