खूण पटल्याशिवाय

‘डॉक्टर शेवटी चोरीच्या गाड्यांचे सुटे भाग विकायला लागला होता. पोलिसांनी उचलला, तेव्हा घाबरला. उरलेला माल फुकट वाटून पुरावा नाहीसा केला आणि नाशिकला लेकीकडे पळून गेला.’

नगरजवळ केडगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी सिमेंटचा एक बाक आहे. त्यावर बसून एक निवृत्त विमा-प्रतिनिधी ही हकीकत येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतात. दर वेळी तिच्यात थोडी भर पडते. परवा मी समोरून जात असताना त्यांनी आवाज किंचित खाली आणला, पण हकीकत थांबवली नाही. माझे उभे आयुष्य न्यायालयाच्या कचेरीत शिरस्तेदार म्हणून गेले. साक्षीदाराने पाहिले काय आणि ऐकले काय, हे निराळे करण्याची सवय निवृत्तीबरोबर सुटत नाही. या गृहस्थांनी यातले काहीही पाहिलेले नाही. मी पाहिले आहे, म्हणून लिहितो.

प्रथम एक दुरुस्ती. ते डॉक्टर नव्हते. सरकारी जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होते आणि नेवासे तालुक्यातली गावे त्यांनी मोटारसायकलवरून पालथी घातली होती. कुणी डॉक्टर म्हटले की ते हात वर करून म्हणत, ‘‘डॉक्टर न्हाई, सुई टोचनारा.’’ लोक ऐकत नसत. मीही ऐकले नाही.

दुसरी गोष्ट त्यांच्या स्वभावाची. त्यांच्याइतका संशयी माणूस मला सबंध जिल्ह्यात भेटला नाही, आणि मी दिवाणी न्यायालयात काम केलेले आहे. हातात दिलेली कोणतीही वस्तू ते आधी उलटी करून पाहत आणि मग तिचा वास घेत. दिवाळीचा फराळ घेऊन गेलो, तर ताटातली चकली त्यांनी उलटी करून पाहिली. माझ्या पत्नीला ते लागले. मी तिला सांगितले की, माणूस बाजारात घडलेला आहे, मनावर घेऊ नकोस. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात त्यांची अनेक वर्षे ड्यूटी होती. तिथे बैलांची शिंगे काचेने खरवडून तेल लावलेली, दात कानशीने घासून वय उतरवलेले आणि लंगडा पाय चिखलात उभा करून झाकलेला त्यांनी पाहिला होता. ‘‘भाऊसाहेब,’’ ते मला सांगत, ‘‘तिथं मानसाचं तोंड बघायचं न्हाई. बैलाचं बघायचं.’’

निवृत्त झाले, त्याच सुमारास त्यांची पत्नी गेली. नगरच्या ख्रिस्ती दफनभूमीत तिला पुरले. मुलगी नाशिकला. घरात एकटे आणि ओट्यावर त्यांची जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल. तिचे भाग कंपनीने बनवायचे केव्हाच बंद केलेले. एक कार्ब्युरेटर शोधायला ते नेवासे रस्त्यावरच्या भंगारात जात आणि पोते भरून परत येत. हेडलाइट, मॅग्नेटो, साइड पॅनेल, स्पीडोमीटर. रॉकेल आणि जुना ब्रश घेऊन दुपारभर बसत आणि गंजाखालून चकाकी वर आली की मला हाक मारीत. लागले तेवढे स्वतःच्या गाडीला लावले. जास्तीच्या भागांचे फोटो मुलीने एका दिवाळीत जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर टाकून दिले. तेथून हा उद्योग सुरू झाला. धंदा नव्हे. विमा-प्रतिनिधी ज्याला ‘दुकान’ म्हणतात, तो एक पांढरा टॉवेल होता, ज्यावर एकेक भाग ठेवून डॉक्टर मोबाईलने फोटो काढीत.

फोटोखालचा मजकूर मी लिहीत असे. ‘सदर हेडलाइटची काच मूळची असून तिला कोणताही तडा गेलेला नाही.’ डॉक्टरांनी तो दोनदा वाचून पाहिला. ‘‘भाऊसाहेब, गिऱ्हाईक समन्स आलं समजंल,’’ ते म्हणाले. पण मजकूर बदलला नाही.

गिऱ्हाइकाचा फोन आला की खरा खेळ सुरू होई. डॉक्टर फोन ओट्यावर ठेवून स्पीकर लावीत आणि मी खुर्चीत बसून उलटतपासणी ऐके. पहिला प्रश्न ठरलेला. ‘‘कुटल्या गाडीला?’’ त्यानंतर गाडीचा फोटो मागवायचा. फोटो आला की गाडी चालू करून आवाज ऐकवायला सांगायचे. चालू होत नसेल तर का होत नाही, शेवटी कोणी चालवली, आता ती कुठे उभी आहे. पुणे रस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्याला हेडलाइट हवा होता. गाडी कोणती, असे विचारल्यावर तो प्रामाणिकपणे म्हणाला की गाडी नाही, हॉटेलात दिवा म्हणून टांगायचा आहे. डॉक्टरांनी फोन बंद केला आणि पुढे बराच वेळ ते त्या हेडलाइटला फडक्याने पुसत राहिले.

विकलेल्या प्रत्येक भागातला एखादा नट किंवा वॉशर ते काढून ठेवीत. यावरून तक्रारी येत. घोडेगावच्या बाजारात पुष्कळ शेतकरी बैल विकतात, पण त्याच्या गळ्यातले दावे सोडून घरी नेतात, तशीच ही त्यांची रीत होती. एका गिऱ्हाइकाने वॉशर नाही म्हणून फार आरडाओरडा केला. डॉक्टरांनी शांतपणे सांगितले, ‘‘दावं ठिवून घेतलंय. तुमी तुमचं बांधा.’’ पलीकडच्या माणसाला काहीही कळले नसावे. बाकावरचे गृहस्थ याला ‘अपुरा माल पाठवणे’ म्हणतात.

आता मुख्य गोष्ट.

एका सकाळी चाळिशीतला एक शेतकरी ओट्यासमोर येऊन उभा राहिला. श्रीरामपूरजवळच्या बेलापूरहून एस.टी.ने आला होता. फोन केला नव्हता, पत्ता विचारीत थेट आला होता. त्याने मोबाईलवर आमच्याच जाहिरातीतला पेट्रोलच्या टाकीचा फोटो दाखवला आणि म्हणाला, ‘‘ही टाकी माझ्या बापाच्या गाडीची हाय. गाडी गोठ्यातनं चोरीला गेलती.’’

‘‘खूण सांगा, पाव्हणं,’’ डॉक्टर म्हणाले.

त्याने उजव्या बाजूचा पोचा सांगितला. मी ताबडतोब हरकत घेतली की पोचा फोटोत दिसतो, तो कोणीही सांगेल. मला त्या माणसाचा भरवसा वाटत नव्हता. जुनी टाकी फुकटात उपटण्याची ही युक्ती आहे, असे मी त्याच्यासमोर बोलून दाखवले. तो माझ्याकडे वळलासुद्धा नाही. त्याने सदऱ्याच्या खिशातून काळ्या दोऱ्यात ओवलेली एक बारीक चावी काढली.

त्या टाकीचे झाकण कुलपाचे होते. डॉक्टरांकडे आली तेव्हापासून ते बंदच होते आणि ‘चावी उपलब्ध नाही’ हे शब्द जाहिरातीत मीच लिहिलेले होते. डॉक्टर आत गेले, टाकी आणून ओट्यावर ठेवली. चावी आत गेली, अर्धी फिरली आणि अडकली. डॉक्टर उठले. तेलाची बाटली आणली. स्वतःच्या हाताने कुलपात दोन थेंब सोडले आणि म्हणाले, ‘‘आता फिरवा.’’

झाकण उघडले. जुन्या पेट्रोलचा वास ओट्यावर पसरला. मग डॉक्टर खाली पायरीवर बसले.

‘‘मी घेनाऱ्याची झडती घेत बसलो, भाऊसाहेब,’’ ते म्हणाले. ‘‘इकनाऱ्याला कदी इचारलंच न्हाई.’’

हे खरे होते. बाजारात विकणाऱ्याचा एकही शब्द खरा न मानणारा हा माणूस भंगाराच्या ढिगासमोर उभा राहिला की सगळे विसरत असे. मूळचा भाग दिसला की उचलायचा. तो कुठल्या गाडीचा, गाडी कोणाची, ती भंगारात कशी आली, यातले त्यांनी कधी काही विचारले नव्हते. पावती मागितली नव्हती. आयुष्यभर जपलेला संशय नेमका जिथे लागत होता, तिथे त्यांनी तो वापरला नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर मला त्या सकाळी जे दिसले ते भय नव्हते. लाज होती.

शेतकरी म्हणाला की तो पोलिसांत जाणार. डॉक्टर पायरीवरून उठले. ‘‘चला, मीबी येतो. माल माझ्या घरात सापडलाय.’’ रिक्षा त्यांनीच थांबवली. मी मध्ये बसलो, एका बाजूला शेतकरी आणि दुसऱ्या बाजूला मांडीवर टाकी घेतलेले डॉक्टर. बाकावरच्या गृहस्थांनी ही रिक्षा जाताना पाहिली. त्यांची सगळी साक्ष एवढीच आहे. रिक्षा त्यांच्या कल्पनेत पोलिसांची गाडी केव्हा झाली, ते तेच जाणोत.

ठाण्यात डॉक्टरांनी भंगारवाल्याचा ठावठिकाणा सांगितला, जबाब लिहून दिला आणि न विचारता हेही सांगितले की घरात अजून बरेच भाग आहेत, त्यांचीही खात्री देता येणार नाही. त्या भागांबद्दल कोणाची तक्रार नसल्याने पोलिसांनी ते घरीच राहू दिले. भंगारवाल्याला बोलावणे गेले. त्याला काही आठवेना. टाकी मुद्देमाल म्हणून जमा झाली आणि ती परत मिळवण्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागला. तो अर्ज मी लिहिला. शेतकरी सही करायला आला, तेव्हा डॉक्टरांनी चहाला बोलावले. तो ओट्यावर चढला नाही. ‘‘तुमी चोर हाय असं मी म्हनत न्हाई,’’ तो रस्त्यावरूनच म्हणाला. ‘‘न्हाई असंबी म्हनत न्हाई.’’

त्या दिवशी डॉक्टरांनी सगळ्या जाहिराती उतरवल्या. आठवडाभराने त्याच भागांचे तेच फोटो पुन्हा चढवले, पण मजकूर त्यांनी स्वतः लिहिला होता. ‘यातलं काही तुमच्या घरचं असंल तर खूण सांगून घेऊन जा. पैसे नाहीत.’

मी विरोध केला. जे भाग निर्विवाद स्वतःचे, त्यांचा मोबदला सोडण्याचे कारण काय, असे विचारले. ते म्हणाले, ‘‘ह्यातलं कुटलं चांगल्या घरचं अन् कुटलं चोराचं, हे मला ठावं हाय का?’’

फुकट म्हटल्यावर खोटे वारस रांगेने आले. डॉक्टरांची उलटतपासणी पुन्हा सुरू झाली, आणि या वेळी ती योग्य जागी लागली. एकाने स्पीडोमीटर आजोबांचा असल्याचे सांगितले. काटा कुठे अडकतो, असे डॉक्टरांनी विचारले. अजिबात अडकत नाही, असे उत्तर आले. ‘‘मग तुमच्या आजोबांचा दुसरा आसंल,’’ म्हणून त्याला वाटेला लावले. एका शिक्षिकेने फोनवर सांगितले की हेडलाइटच्या आत तिच्या नवऱ्याने तांब्याची तार बांधलेली असेल. डॉक्टरांनी तिथेच स्क्रू काढले. तार होती. हॉटेलवाल्याला नाकारलेला तोच हेडलाइट त्यांनी बांधून पाठवला, आणि पाठवताना त्यातला एकही वॉशर काढून ठेवला नाही.

बाकावरचे गृहस्थ याला पुरावा नाहीसा करणे म्हणतात. माझा त्यांना प्रश्न आहे, आणि तो मी त्यांना तोंडावर विचारलेला आहे. ज्याला पुरावा नाहीसा करायचा असतो, तो आधी पुराव्याचे फोटो जगाला दाखवतो काय? त्यांनी पान खाल्ले.

अधूनमधून डॉक्टर दिवसभर बाहेर असत. टाकी सापडली, तर उरलेली गाडीही कुठेतरी असणार, म्हणून श्रीरामपूर-नेवाशाकडची भंगाराची दुकाने ते एस.टी.ने धुंडाळत होते. पुढे पुढे बेलापूरचा शेतकरीही त्यांच्यासोबत हिंडू लागला. मला हे पटले नाही. मी म्हटले, तो तुमच्या मदतीला येत नाही, तुमच्यावर पाळत ठेवायला येतो. डॉक्टर खूश झाले. ‘‘ठिवूंद्या की. मीबी तेच केलं असतं.’’ गाडी सापडली नाही. एवढे मला माहीत आहे. त्या फेऱ्यांमध्ये ते दोघे एकमेकांशी काय बोलले, ते मला माहीत नाही, आणि जे माहीत नाही ते मी सांगत नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या छातीत दुखू लागले. मुलगी मोटार घेऊन आली. भर दुपारी, सगळ्या गल्लीदेखत ते गेले. दाराचे कुलूप तीन-तीनदा ओढून पाहिले, किल्ली माझ्याकडे दिली. पिशवी मी उचलली. ‘पळून गेला’ म्हणणारे गृहस्थ त्या वेळी वामकुक्षी घेत होते. मोटारीत बसल्यावर डॉक्टरांनी काच खाली केली आणि मला बजावले, ‘‘कुनी काय मागायला आलं, तर खूण पटल्याशिवाय दिऊ नका.’’ शस्त्रक्रियेनंतर ते शुद्धीवर आले नाहीत.

त्यांना नगरला आणले. पत्नीच्या शेजारी जागा होती. चर्चमधली प्रार्थना आटोपली आणि पेटी उचलायची वेळ आली. डॉक्टरांना मुलगा नव्हता. गल्लीतून आम्ही मोजकेच आलो होतो. विमा-प्रतिनिधी आले नव्हते. पुढच्या बाजूला कोणी लागायचे, म्हणून माणसे एकमेकांकडे पाहत असताना मागच्या बाकांवरून एक जण उठून पुढे आला. त्याला कोणी कळवले होते, मला ठाऊक नाही.

हकीकती कोणाला किती सांगायच्या असतील त्या त्यांनी सांगाव्यात. पेटीला उजवीकडून पहिला खांदा बेलापूरच्या त्या शेतकऱ्याने दिला, आणि वाटेत लोक खांदा बदलायला आले, तरी दफनभूमीपर्यंत त्याने तो कोणालाही बदलू दिला नाही.