अमेरिकन लेखिकेचा दुखवटा

माझी लाडकी लेखिका गेल्याची बातमी मला मोबाइलवर कळली, आणि तीही चर्चला निघताना. इथे कतारात आमचा रविवार शुक्रवारीच उरकतो. बिन महमूद भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टपाशी उभी होते, तिथेच रडू कोसळलं. तिची पुस्तकं वाचूनच मी स्वतःचं लिहायला घेतलं होतं. आई आणि तिच्याबरोबर भाजी विकायला जाणाऱ्या वसईच्या बाया, आमच्या घरच्या बोलीत. मग ‘कोण वाचणार?’ म्हणून सोडून दिलं. मुलं मराठीला इंग्रजीत उत्तर देतात. नवरा स्क्रीनवरची नजर न काढता ‘छान’ म्हणतो. मला धीर देणारी ती एक होती, आता तीही गेली.

समोरच्या फ्लॅटमधल्या रत्नागिरीच्या भाभींनी दार उघडलं. “काय झाला गो?”

“गेली ती, भाभी,” एवढंच बोलता आलं. लिफ्ट आली आणि मी निघाले.

परतले तर भाभी मोठा डबा घेऊन दारात. तांदळाच्या भाकऱ्या, डाळ, सुकटीची चटणी. दुखवट्याच्या घरात चूल पेटवायची नाही, जेवण शेजाऱ्यांनी आणायचं, ही रीत त्यांच्याकडे आहे तशी आमच्याकडेही आहे. “मावशी होती काय तुझी?” त्यांनी हळूच विचारलं.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. अमेरिकेतली बाई, जन्मात भेटली नाही, माझं अस्तित्व तिच्या गावीही नव्हतं. मावशी म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण भाभी लगेच दुआ मागायला बसल्या असत्या, म्हणून खरं ते सांगितलं.

वाटलं, आता डबा उचलून जातील. त्या आत येऊन खुर्ची ओढून बसल्या. “रडलीस ना? मग जेव. आणि सांग, असा काय लिहिला तिनं?”

मी सांगितलं. दिवसभर ऑफिसात टायपिंग करायची. लिहायला लागली तेव्हा चाळिशी उलटलेली. आपल्याच वस्तीतल्या बायांवर लिहिलं, धुणीभांडी करणाऱ्या, कडाकडा भांडणाऱ्या, आणि त्यांच्याच बोलीत. शहाण्यांनी आधी नाकं मुरडली. आता त्याच पुस्तकांवर पोरं पीएच.डी. करतात.

“आणि तू?”

मीही आईवर लिहायला घेतलं होतं, ते सांगावं लागलं.

“वाच. मी उर्दू शाळेतली, तुमची अक्षरं मला जमत नाहीत. ऐकीन.”

भाकरी बाजूला ठेवून मी मोबाइलवरून वाचू लागले. आई व्यापाऱ्याला झाडते तिथे भाभी खो खो हसल्या. रिकामी टोपली घेऊन ती पायीच घरी निघते, तिथे त्यांनी ओढणीने डोळे पुसले. “माझी आय अशीच होती गो,” म्हणाल्या.

“पुढे काय झाला?”

“पुढचं लिहिलंच नाही.”

“या अल्ला! बाईला रस्त्यात उभी करून सोडलीस?” भाभी खरंच चिडल्या. “यल्ला, बस लिहायला. मी उद्या येते.”

दुपारी मुलांना नवऱ्याबरोबर समैस्माच्या किनाऱ्यावर पिटाळलं आणि लिहायला बसले. भाभी यायच्या आत आईला घरी पोहोचवायचं होतं.