अस्तंब्याची चढण आणि भाऊची खाण

धानोऱ्याहून नंदुरबार स्टेशनला निघालो, तेव्हा माझा मोठा भाऊ सुपडू बैलगाडीत उभा होता. बसायला जागा होती, पण साऱ्या गावाला नीट दिसावं म्हणून उभा! महाराष्ट्र व्हायला अजून पाच-सहा वर्षं होती. चांद्याकडच्या एका कोळशाच्या खाणीत माणसं हवीत असं कळलं आणि आम्ही दोघं निघालो. माय वेशीपर्यंत आली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "जाई ऱ्हायनात तं नाव काढज्यात." भुसावळला गाडी बदलताना मी मात्र ढसाढसा रडलो. गावात हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आता लिहूनच टाकतो.

पहिल्याच दिवशी खाणीत खाली मला घेरी आली. साहेबाने मला वर बत्तीघरात टाकलं. टोपीवरच्या बत्त्या पुसायच्या, भरायच्या, पाळीवर जाणाऱ्याला द्यायच्या आणि परत आल्या की फळीवर लावायच्या. भाऊने मात्र वर्षाच्या आत ड्रिल मशीन धरलं. कोळशात, दगडात सुरुंगासाठी भोकं पाडायची. ड्रिलवाल्याचा रुबाब काही औरच! पाळी संपवून वर आला की पापण्यांवरसुद्धा काळं पीठ. थुंकीही काळी. जितकी काळी तितका गडी मर्द, अशी आम्हा सगळ्यांची समजूत होती. वर येऊन गुळाचा खडा खाल्ला की छाती साफ, ही दुसरी समजूत. हसू नका, तुम्ही असतात तर तुम्हीही गूळच खाल्ला असता.

दिवाळीला गावी आलो की तळोद्यावरून अस्तंब्याच्या डोंगरावर यात्रेला जायचो. सातपुड्यातली ती चढण तुम्हाला मी काय सांगू! भाऊ लहानपणापासून सगळ्यांच्या पुढे असायचा. खाणीत गेल्यावर तिसऱ्या दिवाळीला तो मध्येच बसला आणि म्हणाला, वहाणेचा अंगठा तुटला. वहाण धड होती. चौथ्या वर्षी पाय दुखला. पाचव्या वर्षी पहिल्याच चढाला दगडाला टेकला, ओठ निळसर झालेले, आणि खरं बोलला. "तू जाय पुढे. मन्हा दम पुरस नही."

मी पुढे गेलो नाही. त्याच्याशेजारी बसून बिडी पेटवली आणि त्या बिडीकडेच बघत राहिलो. खाणीवरचा कंपाउंडर खोकल्याला एकच सांगायचा, बिडी सोड. पण भाऊने जन्मात बिडी ओढली नव्हती. दिवसाला दोन कट्टे मी फुंकायचो. आम्ही एकाच मायचे, एकाच चुलीवरचं खाणारे. तरी मी चढत होतो आणि हा चढत नव्हता. फरक एवढाच, की मी वर बत्तीघरात आणि तो खाली धुळीत. खाणीकडे सगळी सपाट जमीन, तिथे कुणाचा दम कमी झाला हे कळणार कसं? आमच्या डोंगराने ते बरोबर पकडलं. मला त्याचा आजही अभिमान वाटतो.

परतताना नागपूरला उतरून मोठ्या दवाखान्यात भाऊचा एक्स-रे काढला. डॉक्टर सज्जन होते, त्यांनी समजेल असं सांगितलं. जाड धूळ नाकाघशात अडकते, थुंकीतून पडते. डोळ्यांना दिसत नाही अशी बारीक धूळ मात्र थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते. तिथे वण पडतात, गाठी होतात, फुप्फुस आखडतं. गूळ जातो पोटात, त्याची आणि धुळीची भेटच होत नाही. बसलेली धूळ काढायला औषध नाही. ती आत जाऊ न देणं हाच उपाय. मशीनच्या टोकाशी पाणी सोडायचं, म्हणजे धूळ उडण्याआधीच तिचा चिखल होतो.

"पानी? इतलंच?" भाऊ म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला इतका चिडलेला पाहिला.

मी म्हटलं, गावी जाऊ, माय वाट बघते. तो ऐकेना. खाली ड्रिलवर विशी-बाविशीची नवी पोरं लागली होती. "मन्हं जे व्हवानं ते व्हई गयं. आते ह्या पोऱ्हेसले नको व्हवाले." खाणीवर आल्याबरोबर त्याने एकेका ड्रिलवाल्याला गाठून सगळं समजावलं. मग एका सकाळी पाळीचा भोंगा झाला आणि एकाही ड्रिलवाल्याने माझ्याकडून बत्ती घेतली नाही. पाणी आलं तरच मशीन चालेल, भाऊने मॅनेजरला तोंडावर सांगितलं. मॅनेजर लालबुंद होऊन माझ्या खिडकीशी आला, बत्त्या वाट म्हणाला. मी म्हटलं, साहेब, मागेल त्याला देतो. कुणी मागितलीच नाही. नोकरी जाईल याची भीती होतीच, पण माझ्यामागची फळी भरलेली बघून छाती फुगली होती. सातव्या दिवशी पाण्याचा नळ खाली उतरला.

भाऊ आणखी एक वर्ष राहिला. खाली जाणं त्याला जमत नव्हतं. माझ्या खिडकीखाली बाकावर धापा टाकत बसायचा आणि वर येणाऱ्या प्रत्येक ड्रिलवाल्याला हात दाखवायला लावायचा. हात कोरडे दिसले, म्हणजे पाणी न सोडताच मशीन चालवलं, की त्याला आणि पाळीवर देखरेख करणाऱ्या सरदाराला, दोघांनाही फैलावर घ्यायचा. मग मी त्याला धानोऱ्याला सोडून आलो. तीन वर्षांनी तो गेला. छाती शेवटपर्यंत सुधारली नाही, ते खोटं कशाला सांगू?

गावात म्हणतात, सुपडूला खाणीने खाल्लं. नुसतं एवढंच म्हणालात तर मला राग येतो. त्याने खाणीकडून काय घेतलं तेही सांगा.

वर्षश्राद्धानंतर मी मायला खाण दाखवायला आणलं. नंदुरबारच्या पलीकडे ती कधी गेली नव्हती. पाळी सुटली, ड्रिलवाले वर आले. ही सुपडूची माय, असं मी म्हटलं मात्र, सगळे एकामागून एक तिच्या पाया पडले. कोपरापर्यंत ओल्या काळ्या गाऱ्याचे हात. मायची पावलं, लुगड्याचा काठ सगळं माखलं. मी ओशाळून पुसायला वाकलो, तर तिने पाय मागे घेतले.

"ऱ्हाऊ दे, पुसू नको. हाई मन्हा पोऱ्यानी कमाई शे."

कुणी गाव विचारलं तर मी धानोराच सांगतो. घर विचारलं तर मात्र मला मायचे ते गाऱ्याने भरलेले पाय दिसतात.